जळलेल्या धाग्याचा वास

आर्जा लेबल वाचत नाही.
"शिवणारे खोटं बोलतात," म्हणते, "आणि छापणारे त्याहून."
प्रातोच्या या शेडमध्ये चाळीस वर्षं
ती जगाच्या चिंध्या निवडत बसली आहे :
कॅनडाचे ओव्हरकोट, जर्मन शाळांचे स्वेटर,
कुणाच्या घटस्फोटात टाकून दिलेलं पांघरूण.
डावीकडे लोकर. उजवीकडे बाकी सगळं.

मी नवी. आई वेनझोऊहून आली,
ती पलीकडच्या गल्लीत चेन शिवते, दिवसाला नऊशे.
आर्जा माझा अंगठा धरून कापडावर फिरवते,
आंधळ्याला अक्षर गिरवायला लावावं तशी.
"लोकर जरा चावते. हे बघ, हे चावत नाही,
हे नुसतं लाडीगोडी लावतं."

पटलं नाही तर काडी.
लोकर कुरकुरत जळते, केसांच्या वासाने,
राख बोटांत चुरली की काही उरत नाही.
सुताला वहीचं पान जळल्याचा वास.
पॉलिएस्टर आगीपासून मागे सरतं,
आकसतं, थेंब थेंब गळतं,
आणि निवलं की काळा मणी होऊन बसतं.
नखाने फुटत नाही.

"आणि हे?" मी रेयॉनचा रुमाल पुढे केला.
हुंगून ती जराशी थबकली.
"हे झाडाचं पोर. वाढलं कारखान्याच्या पिंपात.
कुठे टाकायचं, तूच ठरव."
तो अजून माझ्या खिशात आहे.

मार्चमध्ये तिने घरून एक पिशवी आणली.
वास्कोचा निळा स्वेटर, कोपरांवर विरलेला.
लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत
डोंगरातल्या मेंढपाळाकडून घेतलेला,
दोन आठवड्यांचा पगार मोजून.
रात्री काढताना अंधारात ठिणग्या उडायच्या.
"बघ," वास्को म्हणायचा, "मेंढी अजून जिवंत आहे."
आता गिरणी तो पिंजेल, कातेल,
कुणाच्या तरी पाठीला ऊब होईल, असा तिचा हिशेब.

तिने तो डावीकडे ठेवला.
उचलला.
पुन्हा ठेवला.
इतकी वर्षं धुतला, वाळवला, रफू केला,
त्या बोटांना ठाऊक नव्हतं असं मी कसं म्हणू?
मग बाहीतून एक धागा ओढून तिने काडी पेटवली.

धागा मागे सरला.

"चोर," आर्जा म्हणाली, आणि हसली.
मेंढपाळ की वास्को, ते मी विचारलं नाही.
बिझेन्झिओवरून वारा येत होता, दार नीट लागत नाही.
तिने स्वेटर डोक्यावरून अंगात घातला, केस विस्कटले,
आणि भोंगा होईपर्यंत लोकर निवडत राहिली.

तो मणी खिडकीच्या चौकटीत आहे,
मोहरीहून थोडा मोठा.
राख असती तर त्याच संध्याकाळी
मीच झाडून टाकली असती.