अर्धा वळसा

वहीत तीन किमती लिहिल्या होत्या.
पहिली वाचून वडील चष्मा पुसत बसले.
म्हणाले, एवढ्यात शिलाईची मशीन येती, मोटरवाली.
दुसरीवर काहीच बोलले नाहीत.
तिसरी मी मुद्दाम बारीक अक्षरात लिहिलेली:
जुना डाय, एकाच हातचा,
परभणीचे देवठाणकर काका विकत होते
मोतीबिंदूनंतर.

डाय म्हंजे काय गं, आईनं विचारलं.
साचा, म्हटलं.
गोळी उडून जाते, पितळ मागं राहतं
फुगलेलं, रुसल्यासारखं.
त्याला साच्यात दाबायचं,
गळा नीट, खांदा नीट,
की येतं पुन्हा मापात.
आमचंबी तसंच केलं की सासरी,
असं म्हणून आईनं भाकरी उलटली.

हंबर्डे सरांचं एकच वाक्य,
फौजेतून आणलेलं, इस्त्री न मोडलेलं:
स्वस्त घे, पण सरळ घे.
हजार मीटरवर वाकड्याला माफी नाही.
हजार मीटर म्हणजे
आमच्या दारापासून मोसंबीच्या अडतीपर्यंत,
तिथून पुढं सळयांचा कारखाना दिसायला लागेस्तोवर.
एवढ्या लांब मी आजवर
फक्त हाका मारल्यात.

देवठाणकर काकांनी एक रुपया सोडला नाही.
चहा दिला, वर फरसाण दिलं, रुपया नाही.
डाय फडक्यातून काढला, पेढ्यासारखा.
मग माझी रिकामी पितळं मागितली,
एकेक बोटांत फिरवून बाजूला ठेवत गेले.
या दोन घेऊ नको, म्हणाले,
खिडकीकडं बघत.
मला तर सगळी सारखीच दिसत होती,
आणि माझे डोळे शाबूत आहेत.

वाळूजला मन्नानचाचांच्या शेडमध्ये
दुपारची सुट्टी झालेली.
त्यांनी डाय चकमध्ये धरला, घड्याळ लावलं,
हातानं हळू फिरवला.
बघ लेकी, काटा हलतो.
किती?
सुताच्या सुताचं सूत. पण हलतो.
लोक सुतावरून स्वर्ग गाठतात,
मी सुतावरून रसवंतीवर गेले,
अर्धा ग्लास पिऊन परत आले.
मग काय करू चाचा, परत देऊ?
त्यांनी डबा उघडला, मला कांदा दिला.
चाळीस वर्षं साचे केले, म्हणाले,
याच्याहून वाकडे पाठवलेत मी
गाड्यांच्या दरवाजांसाठी.
दरवाजे लागतात की अजून.
तू असं कर,
पितळ एकदा दाब, खाली घे,
अर्धा वळसा दे, परत दाब.
वाकडेपणा आहे तेवढाच राहतो,
दोन्हीकडं वाटून जातो, एवढंच.
पैसे विचारले तर म्हणाले, कांद्याचे?

परवाना कपाटात, क्लबचा शिक्का वहीत,
हंबर्डे सर खुर्ची उलटी करून बसलेले,
क्लबच्या मागच्या खोलीत
एक पंखा आणि भिंतीला टेकलेली बॅनरं.
ज्वारीच्या मापट्यात वीस पितळं आणली होती मी,
घरात दुसरं भांडं आईनं दिलं नाही.
दांडा खाली. वर.
अर्धा वळसा.
दांडा खाली.
पहिल्या पाचांना हात थरथरत होता,
नंतर हाताला कंटाळा आला
आणि काम नीट व्हायला लागलं.

बाराव्याला लाईट गेली.
सर म्हणाले, थांबू नको कामून थांबती,
बोटांनी बघ.
मी अंधारात गळ्यावरून अंगठा फिरवला.
परभणीची खिडकी आठवली.

एकोणिसावं चिरलं.
केसाएवढी भेग, गळ्यापासून खांद्यापर्यंत.
त्या दोघांतलंच एक असणार,
मी हट्टानं परत मिसळलेलं.
सरांनी रजिस्टरात लिहिलं: एकोणीस. एक बाद.
सही माझी, तारीख त्यांच्या अक्षरात.

शनिवारी वारा कसा असेल कुणास ठाऊक.
बाद झालेलं पितळ मी विचारून घरी आणलं.
आईनं उजेडात धरून पाहिलं,
भेगेला नख लावलं,
चिंच-मीठ लावून घासलं
आणि तुळशीच्या मातीत खोचलं, उदबत्तीसाठी.
बरोब्बर बसली उदबत्ती.
जरा कलती,
पण बसली.