कंप

म्हापशाच्या बाजारात, चोरीसच्या माळा टांगतात त्या रांगेमागे
माझं दुकान. दीड खण. पाटीवर अजून 'रेडिओ दुरुस्ती'.
रेडिओ आता येत नाहीत.
येतात ते खेळाचे, दोन्ही हातांत धरायचे.
कंट्रोलर म्हण, असं साईश मला शिकवतो. माझा भाचा.

उघडला की कळतं कोण कसा खेळतो.
कळंगुटच्या हॉटेलांतले वाळूने कचकचतात.
आग्नेलच्या पोराचा चिकट, उराकाचा वास मारणारा.
डाव्या काठीचं रबर झिजलेलं, तर पळणारा.
उजवा खटका सैल, तर मारणारा.
बहुतेकांचा उजवाच सैल असतो.

तो शुक्रवारी आला. मोरजीला उतरलेला,
सव्वीस-सत्तावीसचा, मानेवरची कातडी उन्हाने सोललेली.
देश विचारला नाही मी.
पावतीवर देशासाठी रकाना नाही.
कंट्रोलर ठणठणीत. खटके ताठ, काठ्या मध्यावर.
बिघडलंय काय?
म्हणाला, थरथरतो.
म्हटलं, थरथरायलाच हवा. गोळी लागली की
आत दोन मोटरी फिरतात, एका अंगाला जड,
म्हणून हाताला धक्का. लोक याचेच जास्त पैसे मोजतात.

काढून टाक, म्हणाला. तिथे नव्हता.

तिथे म्हणजे कुठे, हे मला
दुसरा स्क्रू निघेपर्यंत कळलं नाही.
तुटक्या हिंदीत सांगत होता:
खोलीत एसी. खुर्ची चांगली, पाठीला उशी.
कंट्रोलर अगदी हाच, दुकानातून आणलेला,
कारण पोरांना तो शिकवावा लागत नाही.
गाडी, गाढव, गच्चीवर वाळत घातलेले कपडे
सगळं राखाडी. अंगाची ऊब तेवढी पांढरी.
खटका दाबला की बराच वेळ काहीच होत नाही.
मग पांढरं पसरतं.
मग तेही हळूहळू राखाडी.
आणि हाताला काही नाही.
आता खेळताना हा थरथरला की
हात मला विचारतो, तेव्हा का नाही?

आतून साईश ओरडला, मेलो!
मग लगेच, थांब, आलो परत.
त्याने वळून पाहिलं. शब्द कळले नसावेत.
बरं झालं.

खोर्लीच्या देवळामागे आम्ही पकडापकडी खेळायचो.
अंगठ्याला थुंकी लावून टाइमप्लीज म्हटलं
की ज्याच्यावर राज्य तोही जागच्या जागी थांबायचा,
मग सगळेच गोळा व्हायचे
कुणाचा गुडघा किती फुटला ते बघायला.
हे त्याला सांगावंसं वाटलं.
टाइमप्लीजला हिंदीत काय म्हणतात, सुचेना.

झाकण लावलं. अडीचशे झाले.
त्याने पाचशेची नोट ठेवली, सुटे न घेता निघाला,
मिरच्यांच्या पोत्यांना वळसा घालून,
अंगठे मुठीत दाबून.

मोटरी बिस्किटाच्या डब्यात आहेत.
स्पेअर म्हणून खपल्या असत्या, दोनदा गिऱ्हाईकही आलं.
नाहीत म्हणून सांगितलं.

काल एक सेलला जोडून बघितली, चालते का.
काउंटरवरून किड्यासारखी सरपटत निघाली
पावतीबुकाला ढुशी देत, चहाच्या ग्लासाला वळसा घालून
थेट कडेपर्यंत.
हात आडवा घातला. तळव्यात धरली.
सेल संपेपर्यंत सोडली नाही.