पॉलिश थांबवलंय

भर दुपारी पुण्याहून लेकीचा फोन:
"अब्बा, गुरुवारपर्यंत पॉलिश मारू नका."
मी लाखेची बाटली हलवत होतो.
समोर दोरीला नऊ सतारी,
आणि मिरजेचं आभाळ
घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं.

दिवाळी होऊन दोन आठवडे झालेले.
"का गं?"
"लाट येतेय."

मला कृष्णेची लाट ठाऊक, भिंतीवर खूण आहे तिची.
ही निराळी. ढगांची.
आफ्रिकेच्या अंगानं निघते,
विषुववृत्ताला धरून पूर्वेला जाते,
आपला पोस्टमन सायकल मारतो तेवढ्याच वेगानं,
आणि महिन्या-दीड महिन्यानं परत दारात.
दोन साहेबांचं जोडनाव आहे तिला,
अफरोजनं तीनदा सांगितलं, तीनदा विसरलो.
ती येते तिथली हवा वर उचलली जाते,
ती गेली की हवा खाली बसते,
पातेल्यावर झाकण बसावं तशी.

"म्हणजे वादळ तीच आणते?"
"आणत नाही, अब्बा. जागा करते."
मग जरा थांबून:
"तो कपटा आठवतो?"

आठवतो.
आठ वर्षांची होती. मी म्हणालो होतो,
वरची तार छेड, खालच्या तरफांना बोट लावायचं नाही,
बघ कुठली बोलते.
तिनं कागदाचे अकरा कपटे केले,
एकेका तरफेवर एकेक ठेवला, जीभ दातांत धरून.
छेडली.
दहा जागच्या जागी.
एक उडाला, थेट सरसाच्या डब्यात.

"तसंच," ती म्हणते. "समुद्र लागलेला असावा लागतो."
सत्तावीस अंशांच्या आसपास, नुसता वरवर नाही, खोलवर.
वरचा वारा नि खालचा वारा
एकमेकांच्या विरुद्ध ओढणारे नकोत,
नाहीतर रचलेली उतरंड वरच्या मडक्यापासून ढासळते.
जागाही रेषेपासून थोडी दूर हवी,
पृथ्वीच्या फिरण्याची मुरड वाऱ्याला मिळेल इतकी.
यंदा अरबी समुद्राची पलीकडची बाजू जास्त तापलीय;
तिकडे पॅसिफिकमध्येही काहीतरी शिजतंय,
त्याचा हात इथवर कसा पोचतो
ते तिनं सांगितलं, पण तेवढ्यात रिक्षा गेली.
"आणि कितीदा तरी लाट येऊन जाते, अब्बा,
कपटा हलतसुद्धा नाही."

संध्याकाळी धारवाडहून हेब्बळ्ळी मास्तर:
सतार कधी?
म्हटलं, पॉलिश थांबवलंय, समुद्र लागतोय.
ते म्हणाले, कुठल्या स्वराला?

मंगळवारी हलला कपटा.
नकाशावर एक पांढरा भोवरा, अफरोजनं फोटो पाठवला,
रुपयाएवढा, मध्ये टाचणीचं भोक.
तो इकडे आलाच नाही. ओमानकडे वळला.
आमच्या वाट्याला फक्त ओल:
मलमलीचा बोळा सुकेना,
काड्यापेटी ओढली की नुसती खरवड,
भीमेकाठचे भोपळे गार, पोटाशी धरावेत असे.
इलियासनं माझं न ऐकता
मागच्या खोलीत एका सतारीला हात मारला होताच.
सकाळी भोपळ्यावर दुधासारखी साय.
काही बोललो नाही. स्पिरिट दिलं हातात.
पुस, म्हटलं, पहिल्यापासून.

ओमानच्या किनाऱ्याचं बातम्यांत शेवटी आलं,
क्रिकेटच्या आधी, अर्धा मिनिट.
एक माणूस गुडघाभर पाण्यात
कपाट पाठीवर घेऊन चालला होता.
त्याला कुणी फोन केला होता का,
असं मनात आलं, आणि इलियासनं चॅनेल बदललं.

शुक्रवारी ऊन. नऊच्या नऊ सतारी धरल्या.
पुढची लाट डिसेंबरात, ती म्हणते, बहुतेक.
कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी,
मी शिसपेन्सिलीनं रेघ मारून ठेवलीय.
पुसता येईल अशी.