करडईचं ताट

बियाण्याच्या लॅबमध्ये नऊ वर्षं मी
ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडते,
सातव्या दिवशी कोंब मोजते.
नव्वद, अठ्ठ्याऐंशी, कधी त्र्याहत्तर.
त्र्याहत्तर आले की वरून फोन येतो.
दाणा म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये
असं वाटायचं मला.

मग कोंडेकरची बदली कर्नूलला झाली
आणि जाता जाता त्यानं पिंजरा ठेवला माझ्या टेबलावर.
"कॅनरी आहे. दाण्यावर जगतो, तुमच्यासारखाच."

रंगावरून नाव ठेवलं करडई.
नर आहे. तरी करडई.

लॅबमधली ज्वारी आणायची नाही हे ठरलेलं.
तिला गुलाबी औषध चोळलेलं असतं,
दिसायला बडीशेपेच्या गोळ्या,
पिशवीवर कवटी.
म्हणून काद्राबादच्या दुकानातून
राळा आणला, जवस, कारळ, थोडी मोहरी,
चार पुड्या, चार भाव,
एका वाटीत कालवून ठेवलं.

त्यानं कारळ तेवढं वेचलं.
बाकीचं चोचीनं डावीकडे, उजवीकडे,
सगळ्या गॅलरीभर.
पोह्यातले शेंगदाणे खाऊन ताटली सरकवणारा
माझा भाचा आठवला.
"कामून खाईना रे तू?"
मान तिरकी करून त्यानं बघितलं नुसतं.

काष्ठौषधीवाल्याकडे समुद्रफेन मागितलं.
"कान फुटला का, ताई?"
"नाही. पाखराला चोच घासायला."
त्यानं बरणी पुसली, पांढरा तुकडा काढला.
समुद्र इथून चारशे किलोमीटर.
पिंजऱ्याच्या तारेत मी तो अडकवला.

भादव्यात गाणं बंद पडलं.
पिसं झडू लागली, मान उघडी,
तळाच्या पेपरावर रोज पिवळा कचरा.
पशुदवाखान्यात रांगेत माझ्यापुढे दोन शेळ्या, एक कालवड.
डॉक्टर रझवींनी पिंजऱ्यात वाकून पाहिलं.
"मी म्हशीचा माणूस. पण एवढं कळतं,
नवी पिसं काही राळ्यातून यायची नाहीत.
अंडं द्या. उकडून, चिमूटभर.
उरलेलं दुपारपर्यंत ठेवू नका, नासतं.
आणि हिरवं द्या काहीतरी, कारळावर कोण जगतं?"

अंडं.
खाली बोरा काकू राहतात, घरमालकीण.
भाडेचिठ्ठीतली तिसरी ओळ मला पाठ आहे.

दाराला कडी लावून उकडलं.
उदबत्ती लावली, दोन लावल्या.
बलक बोटानं कुस्करला, त्याच्यापुढे धरला,
आणि ज्यानं जवसाला तोंड लावलं नव्हतं
तो चोच पिवळी होईस्तोवर खात राहिला.
टरफल भाजून कुटायचं म्हणून
खिडकीत ठेवलं
आणि विसरले.

संध्याकाळी जिन्यात काकू. नजर वर, माझ्या खिडकीकडे.
"औषध आहे," मी म्हणाले. "त्याचं."
त्या काही बोलल्या नाहीत.
तीन दिवस काही बोलल्या नाहीत.
मी मनात खोल्या बघू लागले,
मंठा चौफुलीकडे, गांधी चमनमागे,
पिंजऱ्यासकट कुठे घेतील.

चौथ्या दिवशी दाराशी मेथीची जुडी, ओल्या फडक्यात.
"पजुसण चालू आहेत. आमच्यात हिरवं नाही.
भाजीवाला सवयीनं टाकून गेला."
पायरी उतरता उतरता मागे न बघता,
"त्याला कुठे आहेत पजुसण."

तेव्हापासून हे असं चाललंय.
मेथी धुवायची, निथळायची, तारेला खोचायची.
कधी काकडीची चकती, गाजराचा कीस,
दाणे मोजून, कारळ सगळ्यात कमी.
अंड्याचं त्या विचारत नाहीत.
उदबत्त्या मात्र बऱ्याच लागतात.

मानेवर नवीन पीस आलं, बाहेरून काड्यांसारखं.
गाणं अजून नाही.
घसा खाकरावा तसं एकदा काहीतरी झालं, पहाटे,
की तो नळ होता कोण जाणे.

काल पिंजरा उचलला तर खाली
गॅलरीच्या फरशीच्या भेगेत, पाणी सांडतं तिथे,
त्यानंच उडवलेला राळा उगवलेला.
वाकले. सवयीनं मोजले.
अकरा.
शंभरातले की हजारातले, ठाऊक नाही,
कुणाचा फोन यायचा नाही.
नखानं एक कोंब खुडला, तारेतून आत धरला.

नको म्हणून फेकलेला दाणा
त्यानं ओळखलाच नाही.
खाल्ला, आणि दुसऱ्यासाठी
पुन्हा माझ्या बोटाकडे बघू लागला.