काठाचा माणूस

टूर्ड विक्सेलची पाठ मला तोंडपाठ आहे.
सात नंबर, डाव्या खांद्यापाशी उसवलेली शिवण.
सहा मोसम मी सरावात लेफ्ट बॅक होतो,
म्हणजे त्याच्याकडून फसणं हे माझं काम होतं.

डाव त्याच्याकडे एकच.
थांबायचा. चेंडूकडे असं बघायचा
की तो दुसऱ्याच कुणाचा आहे.
मग डावा खांदा जरासा पडायचा
आणि मी, सगळं माहीत असून,
त्या खांद्याबरोबर आत झुकायचो.
तोवर तो बाहेरून गेलेला.
मी आणि चुन्याची रेघ, यांच्यामधून
मांजरसुद्धा अंग चोरून गेलं असतं.
हातावर तुरी देतात म्हणे लोक,
हा पायांवर द्यायचा.

बाप लाकडाच्या गिरणीत फळ्या मोजायचा.
मॅचला कुंपणाशी उभा, काखेत थर्मास,
केसांत भुसा.
कधी ओरडला नाही.
टूर्ड चुकून आत वळलाच
तर फक्त खाली बघायचा, बुटांकडे.

मग योटेबोर्गहून कोटातला एक माणूस आला,
दोन मॅच बघून गेला, तिसरीला टूर्ड नव्हता.
पुढे गेंट. तीन वर्षांत मला एक पोस्टकार्ड:
'गवत मऊ आहे. पाऊस फार.
इथले बॅक लाथ मारतात
आणि दोन भाषांत माफी मागतात.'

देशाकडून खेळला अकरा मिनिटं.
नॉर्वेशी, मैत्रीपूर्ण सामना, निकाल कुणाला आठवत नाही.
आम्ही अग्निशमन केंद्रात टीव्हीसमोर,
बंबाच्या बाजूला खुर्च्या मांडून.
चेंडू चारदा आला त्याच्याकडे.
चौथ्यांदा तो थांबला, खांदा पडला,
आणि नॉर्वेच्या त्या पोराबरोबर
मीही खुर्चीतून आत झुकलो.
सगळे माझ्यावर हसले, म्हणून
क्रॉस कसा गेला ते नीट पाहिलं एकट्या बापाने:
अख्ख्या गोलसमोरून, कुणाच्या डोक्याला न लागता,
रिकाम्या थांब्यावरून बस निघून जावी तसा.
'चांगला होता,' म्हातारा म्हणाला.
थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

गुडघा गेला, त्याची गोष्ट तो सांगत नाही.
मीही विचारत नाही.
चौतिसाव्या वर्षी परत आला, तिसऱ्या डिव्हिजनला,
एप्रिलमध्येही मैदान खाली गोठलेलंच.
एका शनिवारी समोर कुणी सतरा वर्षांचा मुलगा होता.
टूर्ड थांबला. खांदा पडला.
मुलगा हललाच नाही.
हुशार वगैरे नव्हता,
त्याला त्या खांद्याची ओळखच नव्हती.
साठाव्या मिनिटाला टूर्ड बाहेर आला
आणि कपडे बदलायला गेला तेही
रेघ धरून, मैदानाला पूर्ण वळसा घालून.

आता नगरपालिकेत आहे.
ऑक्टोबरात, बर्फ पडायच्या आधी,
रस्त्याच्या कडेने नारिंगी काठ्या ठोकत जातो,
पुढे सगळं पांढरं झालं की
बर्फ ढकलणाऱ्या गाडीला कळावं
रस्ता कुठे संपतो.
माझं टायरचं दुकान त्याच रस्त्यावर.

गेल्या मंगळवारी त्याचा जोडीदार आजारी,
म्हणून काठ्यांचा भारा धरून मी गेलो.
तो बाहेरच्या अंगाला, अर्थातच.
मी चाळीस वर्षांचं विचारून घेतलं:
'कधीच आत का नाही वळलास रे?
गोल तर आत होता.'
त्याने ठोकलेली काठी हलवून पाहिली.
'आत गर्दी असते,' म्हणाला.

मागून ओंडके भरलेला ट्रक आला.
वाट द्यायला टूर्ड थांबला,
डावा खांदा जरासा पडला,
आणि मी उजवा पाय घोट्यापर्यंत
चरातल्या पाण्यात घातला.
पाणी थंडगार. बूट नवा.
तो हसला नाही.
हात पुढे केला,
मला वाटलं मला ओढायला.
'काठी दे,' म्हणाला.