पन्नास हर्ट्‌झ

आधी काही उघडायचं नाही.
पेचकस पिशवीतच राहू दे.
ग्रेशियस मास्तर म्हणायचे, कान लाव,
हात नंतर.

ठाकुरद्वार, तिसरा मजला, धैर्यवान.
दाराला दोन बेल, दोन पाट्या,
आत एकच दिवाणखाना, मधोमध प्लायवूड.
थोरल्यांकडे ॲम्प्लिफायर आणि डावा स्पीकर,
धाकट्यांकडे टर्नटेबल आणि उजवा.
वाटणीत असंच आलं.
प्लायवूडला खाली एक भोक, अंगठा जाईल एवढं,
वायरी त्यातून.
दर रविवारी नऊ ते अकरा दोघं ऐकतात,
आपापल्या बाजूला.
म्हणजे गेली काही वर्षं
एकाच्या वाट्याला तबला जास्त,
एकाच्या पेटी.

“दिवाळीपासून घूं येतोय,” यशोधर म्हणाले,
“त्याच्या बाजूनं.”
पलीकडून मनहर: “ॲम्प्लिफायर कुणाकडे आहे, विचारा.”

मी आवाजाचं बटण शून्यावर आणलं.
घूं गेला. म्हणजे ॲम्प निर्दोष.
(यशोधर पलीकडे ऐकू जाईल असं हसले.)
डावी-उजवी पिन अदलाबदल केली,
घूं दोन्हीकडे तेवढाच. म्हणजे सुईही निर्दोष.
(आता पलीकडून खाकरणं.)
पिना हिरव्या पडल्या होत्या,
चौपाटी इथून दहा मिनिटं, हवेतलं मीठ तांब्याला चढतं.
कापूस, स्पिरिट, दोन थेंब.
खरखर गेली.
घूं राहिला.
टर्नटेबलची बारीक हिरवी वायर? घट्ट.

घूं कसला ते ओळखायला शिकावं.
चिडका, दाते असलेला, शंभरचा असेल तर
कपॅसिटर म्हातारे झालेत, बदला.
पण हा जाड, गोल, पोटातून येणारा, पन्नासचा.
असा आला की अर्थ तपासायचा.

जिन्याखाली गेलो.
मीटर दोन.
“दिवाळीत वेगळे केले,” वॉचमन म्हणाला,
आणि नव्या मीटरसाठी मागच्या बोळात नवा खड्डा,
मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी, सगळं रीतसर.
वर येऊन मोजलं:
एका भिंतीच्या अर्थापासून दुसऱ्या भिंतीच्या अर्थापर्यंत
सव्वा व्होल्ट.
जमीन तीच हो, ठाकुरद्वारचीच,
पण दोन ठिकाणी खणली की सारखी भरत नाही.
तो सव्वा व्होल्ट वाट शोधतो,
आणि वाट एकच आहे,
भोकातली ती केबल.

लोक काय करतात, अर्थाची पिन कापतात.
घूं जातो.
मग एखाद्या दिवशी ओल्या हातानं बॉडीला शिवलं
की माणूसही जातो.
कापू नका. कुणी सांगितलं तरी.

उपाय साधा. दोन्ही यंत्रं एका बोर्डावर.
“बोर्ड कुणाच्या मीटरवर?”
दोन्हीकडून एकदमच.
मी पिशवीतल्या कागदावर मांडलं:
टर्नटेबल अठरा वॉट, दोन तास, चार रविवार.
एका युनिटचा सातवा भाग. महिन्याला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग पलीकडून प्लग आला, भोकाशी अडला.
तीन पिनांचा. अंगठ्याच्या भोकातून कसा जाणार.
“मोठं करावं लागेल,” मी म्हटलं.
यशोधर म्हणाले, “करा.”
मनहर म्हणाले, “माझ्या बाजूला भुसा नको.”
ड्रिल फिरत असताना
त्यांनी पलीकडून वर्तमानपत्र धरलं होतं.
बोटं दिसत होती.

सुई ठेवली. रेकॉर्ड सुरू व्हायच्या आधीची
ती दोन-तीन सेकंदं
अगदी कोरी.

यशोधरांनी कपाळाला आठी घातली.
“आता हे काय वाजतंय? कुरकुर?”
मी भोकाशी वाकून ऐकलं.
पलीकडची वेताची खुर्ची होती.
“हे जाणार नाही?”
“हे वायरीतून येत नाही,” म्हटलं,
आणि पावतीपुस्तक काढून
दोन पावत्या केल्या, निम्म्या-निम्म्या.