लोखंडाचे ठिपके

अथणीच्या बाजाराच्या दिवशी धारवाला दारात बसला,
रापीला धार लावली, वीस रुपये घेतले, गेला.
ठिणग्या पोरांनी मोजल्या. मी नाही.
आत ओलं कातडं पसरलं होतं,
हिरड्या-बाभळीत मुरलेलं,
भाजल्या रव्याच्या रंगाचं.

सकाळी त्यावर निळेकाळे ठिपके, तिळाएवढे. सतरा.
पुसले तर पसरले.

निंगव्वा चष्मा न लावताच म्हणाली,
"कब्बिणाचे डाग. लिंबू आण जा."
अर्धी फोड फिरवली. ठिपका करडा झाला,
मग फिक्या चहासारखा, मग उरलाच नाही.
दुसरा. तिसरा.
बोटांच्या चिरांत रस झोंबत राहिला.

सतरावा, अंगठ्यापाशी यायचा तो, हटेना.
"ऱ्हाऊ दे. त्यालाच वाढवू या."
तिनं कोपऱ्यातलं मडकं ओढलं:
गंजके खिळे, गुळाचं पाणी,
महिन्याभराचा आंबूस वास.
काडीला चिंधी गुंडाळून बुडवली
आणि ठिपक्यापासून रेघ काढली,
बोटभर, थोडी वाकडीच.

आता दुसऱ्या पायाची चप्पल माझ्या मांडीवर.
कोरी, एकही डाग नसलेली.
तिच्यावर तस्सा ठिपका द्यायचाय.
काडी बुडवून मघापासून बसलेय,
हात खाली जात नाही.